आबांना तीसपैकी तीस

आबांना तीसपैकी तीस गुण मिळाले आणि म्हणूनच त्यांना औषध मिळणार नव्हते.

स्पृहाला हे काही केल्या समजेना. पैकीच्या पैकी गुण मिळाल्यावर बक्षीस नाकारणारी परीक्षा तिने आजवर पाहिली नव्हती.

उदगीरच्या नव्या स्मृतिकेंद्रात ती, आई आणि आबा बसले होते. आबा म्हणजे आईचे वडील, बिरादार गुरुजी. उभा जन्म त्यांनी मुलांची शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेतली. अलीकडे मात्र आंघोळ झाल्यावरही ते पुन्हा पाणी तापवायला सांगत. समोर मिठू नावाचा हिरवा यंत्रमानव उभा होता. चाचणी त्यानेच घेतली होती.

"अभिनंदन! स्मरणशक्ती उत्तम. उपचाराची गरज नाही," मिठू म्हणाला.

आईचा चेहरा उतरला. डॉक्टर शेख मात्र पडद्याकडे बघत राहिल्या. "रक्ताची तपासणी वेगळंच सांगतेय," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी सहज विचारले, "गुरुजी, चहा घेणार का?"

आबा ताठ बसले. "कंदील, मुंगूस, चादर. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट."

ही चाचणीचीच पाठ केलेली उत्तरे होती: लक्षात ठेवायचे तीन शब्द आणि शंभरातून सात-सात वजा करत आलेले आकडे.

"चहाचं उत्तर नाही मिळालं," मिठू म्हणाला.

"तू गप्प बस जरा," डॉक्टर त्याला म्हणाल्या आणि स्पृहाकडे वळल्या. "तयारी कुणी करून घेतली?"

"मी आणि आईनं," स्पृहा म्हणाली. "शेजारच्या काकू इथे येऊन गेल्या होत्या. त्यांच्याकडून इथले प्रश्न समजून घेतले. आबा नापास झाले तर औषध मिळणार नाही, असं वाटलं आम्हाला."

"माझ्या शाळेतलं एकही पोर तयारीशिवाय परीक्षेला बसलं नाही," आबा अभिमानाने म्हणाले.

डॉक्टर हसल्या, पण हळूच. त्यांनी खुर्ची स्पृहाजवळ ओढली. "तुमच्या घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे ना? तिला तडा गेला आणि पाणी गळायला लागलं, तर काय करशील?"

"तडा बुजवीन."

"पाणी गळून गेल्यावर बुजवलास तर?"

"काय उपयोग? टाकी रिकामीच."

"हेच ते. मेंदूत पेशींच्या मधल्या जागेत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं. त्याच्या गुठळ्या होतात, हळूहळू पेशी मरतात आणि आठवणी गळू लागतात. आपलं औषध म्हणजे प्रतिपिंड (नको असलेला पदार्थ ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन). ते या गुठळ्या काढून टाकतं. त्यामुळे गळती मंदावते. पूर्ण थांबत नाही, आणि गेलेलं पाणी परतही येत नाही. म्हणून ते सुरुवातीलाच द्यावं लागतं."

"मग सगळ्यांनाच द्यायचं. तीसवाल्यांनासुद्धा!"

"द्यायला तेवढं औषध हवं ना," डॉक्टर म्हणाल्या. "हे औषध गोळीसारखं साच्यात पाडता येत नाही. मोठ्या टाक्यांत जिवंत पेशी वाढवायच्या, त्यांच्याकडून ते तयार करून घ्यायचं, मग थेंब न् थेंब शुद्ध करायचा. शिवाय मेंदूला सूज येत नाही ना, रक्तस्राव होत नाही ना, हे पाहायला पुन्हा पुन्हा आतली छायाचित्रं काढायची. त्याची यंत्रं हवीत, ती वाचणारी माणसं हवीत. आणि ज्यांनी शोध लावला, त्यांच्याकडे पेटंट होतं (ठरावीक वर्षं दुसऱ्या कुणी ते बनवायचं नाही, असा हक्क)."

"ती वर्षं संपली आहेत," मिठू न राहवून म्हणाला. "आता इतर कारखानेही बनवतात. किंमत उतरली. मेंदूच्या महागड्या तपासणीऐवजी रक्ताचा एक थेंब पुरतो. तरी जिल्ह्याला येणारा साठा कमीच. म्हणून वीस ते अठ्ठावीस गुणवाल्यांना आधी. त्याहून वरच्यांना थांबवतो. खालच्यांना फारसा उपयोग होत नाही."

आई इतका वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. "पहिल्यांदा चौकशी केली तेव्हा हे फक्त मोठ्या शहरात मिळायचं," ती म्हणाली. "वर्षाचा खर्च ऐकला. घर विकूनही पुरला नसता. किंमत उतरेल म्हणून थांबले. डॉक्टर, मी उशीर केला का?"

"उशीर झाला," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "पण तुम्ही केला नाहीत. औषधालाच तुमच्या दारापर्यंत यायला वेळ लागला."

आईने मान खाली घातली.

मिठूने पुन्हा चाचणी घेतली, या वेळी नव्या प्रश्नांची. स्पृहाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. तिला उत्तरे येत होती आणि सांगायची नव्हती. एका प्रश्नाला आबा खूप वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "येत होतं मला."

"एकवीस," मिठू म्हणाला.

"काठावर पास!" आबा म्हणाले. आई रडता रडता हसली.

पुढच्या सोमवारी आबांच्या हाताला सलाईनची नळी लागली. आई आणि स्पृहा शेजारी बसल्या. डॉक्टर सांगत होत्या की, कातडीखाली टोचता येईल असे औषध आता कारखाने बनवू लागले आहेत. ते पुरेसे आले, तर परिचारिका घरी येऊन देतील. मग गावातल्या माणसांना इथवर यावे लागणार नाही, आणि तीसवाल्यांनाही थांबावे लागणार नाही.

"स्पृहा," आबांनी हाक मारली. "आता सगळं आठवेल ना मला?"

स्पृहाने आईकडे पाहिले.

"नाही, आबा. गेलेलं येणार नाही. पण आहे ते जास्त दिवस राहील."

आबांनी विचार केला. "मग आहे ते सांगून टाकतो. तुझी आई सायकल शिकत होती ना, तेव्हाची गंमत. किल्ल्याकडचा उतार. मी मागं धरून पळतोय, आणि ही म्हणते, सोडा, बाबा, सोडा."

"बाबा, ते कशाला आता!" आई म्हणाली, पण तिने खुर्ची जवळ ओढली.

"सोडली मी. तर ही थेट भाजीवाल्याच्या गाड्यावर."

"आणि मग?" स्पृहाने विचारले.

आबांना पुढचे आठवत होते.