रिकाम्या राफ्टचं ओझं

काम म्हटलं तर साधंच होतं. नदीच्या खालच्या उतारावर एक राफ्ट राहून गेली होती, ती जीपला ट्रेलर जोडून वर आणायची. दुपारी ट्रेलरचं चाक पंक्चर झालं म्हणून ती तिथेच झाडाला बांधून ठेवली होती, आणि सकाळी एका कंपनीचा मोठा ग्रुप नदीत उतरणार होता. शुक्रवारची रात्र, दहा वाजून गेलेले, आभाळात चंद्र नाही. मालकांनी सांगितलं, आत्ताच्या आत्ता जा. तो गेला.

तो म्हणजे भोवरा. तुम्ही पोरं आत्ता आत्ता नदीवर आलात, तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. लहानपणी नदीच्या भोवऱ्यात सापडला आणि आपला आपण बाहेर आला, तेव्हापासून हेच नाव. पुढे मोठा गाईड झाला. ही सगळी गोष्ट त्यानेच सांगितलेली आहे, आणि तो थापा मारणाऱ्यातला नव्हे. थापा मारायला निदान हसावं लागतं. तो त्या वर्षी हसतच नव्हता.

तो काम करायचा ते रिसॉर्ट तसं झकास. झाडावरून झाडावर तारेला लटकून घसरायचं, लाकडी भिंतीवर चढायचं, दमलं की पोहण्याच्या तलावात डुंबायचं, आणि सगळ्यात मोठी मजा म्हणजे नदी. राफ्टमध्ये बसण्याआधी मालक स्वतः लोकांना सुरक्षेचे चार शब्द सांगायचे. जिभेवर नुसता मध. म्हणायचे, मागच्या वर्षी आमची एक गाईड गेली हो, गुणी पोर, पण जॅकेटचं बक्कल लावायचा तेवढा कंटाळा केला. तुम्ही करू नका. लोक आपापली बक्कलं चाचपायचे. आणि बक्कल कसं लावायचं ते दाखवायला मालकांच्या शेजारी उभा कोण? भोवरा.

त्या पोरीला खडकाखालून ओढून काढलं होतं ते भोवऱ्यानेच. बक्कलं लावलेली होती. सगळी. इतकी घट्ट, की पट्टे सुरीने कापावे लागले होते.

गाईडांमध्ये सगळ्यात लहान म्हणून तिला धाकटी म्हणायचे. एकट्याची छोटी होडी घेऊन ती राफ्टच्या पुढे असायची, कोणी पाण्यात पडलं की उचलायला. त्या दिवशी वरच्या धरणाचा भोंगा वाजला. भोंगा वाजला म्हणजे पाणी सोडणार. धाकटी मालकांना म्हणाली, आज नको. मालक म्हणाले, भोंग्याचा सराव चाललाय धरणवाल्यांचा, लोक खोळंबलेत, चला. व्हायचं तेच झालं. लोंढा आला, राफ्ट उलटली. धाकटीने पडलेल्यांना काठाला लावलं, एकूण एक. ती स्वतः तेवढी राहिली.

मालकांनी पोलिसांना सांगितलं, भोंगा वाजलाच नाही, आणि पोरीने बक्कल लावलं नव्हतं. बाकीचे गाईड मूग गिळून बसले. भोवऱ्याने खरं सांगितलं, पण एकट्याचं कोण ऐकतं? तो राजीनामा तोंडावर फेकून निघालाच होता. अडवलं ते धाकटीच्या वडिलांनी. बस चालवायचे ते, बोलायला कमी. एवढंच म्हणाले, "तू गेलास तर तिथे नको म्हणणारं कोणी उरणार नाही."

म्हणून राहिला. रोज सकाळी ते भाषण ऐकायचा आणि तळपायाची आग मस्तकात जायची. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं आपण नुसतं म्हणतो. त्याने रोज पाहिलं.

त्या रात्री जीप काढताना मालक तलावाकाठी खुर्च्या मांडून कंपनीवाल्यांबरोबर बसले होते. गप्पा रंगलेल्या. कोणीतरी विचारलं, नदीवर भूतबीत आहे का? मालक म्हणाले, आहे ना, पण बक्कल लावल्याशिवाय आम्ही त्याला पाण्यात सोडत नाही. सगळे खदखदून हसले. भोवऱ्याने ते ऐकलं. दात-ओठ खात त्याने गिअर टाकला.

खाली नदीला पाणी बेताचंच होतं. धरणाचे दरवाजे बंद. जीपच्या दिव्यांच्या उजेडात त्याने राफ्ट सोडली, उलटी करून आतलं पाणी ओतून दिलं, पुन्हा सरळ केली आणि ओढायला लागला. आता तुम्हाला माहीतच आहे, राफ्ट उचलायची म्हणजे चार माणसांचं काम. पण त्याच्या अंगात राग होता. रागाने माणूस काय वाटेल ते ओढतो. वाळूवरून ट्रेलरपर्यंत आणली. वर चढेना. खांदा लावला, ढकलली, शिव्या घातल्या. चढेना.

दम घेतला. पुन्हा दोरी धरली. जोडीदाराला सांगायच्या सवयीने तोंडातून गेलं, "घे."

राफ्ट उचलली गेली.

पलीकडची बाजू. त्याच्याबरोबरच. अलगद. ट्रेलरवर बसली. पुन्हा सवयीनेच तो म्हणाला, "हं, सोड."

पलीकडची दोरी सुटली आणि रबरावर थपकन आपटली.

त्याने वाकून पाहिलं... कोणी नव्हतं.

तरी हात थांबले नाहीत. त्याने पट्टे आवळले, जीपमध्ये बसला आणि निघाला. मनाला समजावलं, उतार होता, घसरली असेल. उतार नदीकडे होता. ट्रेलर वरच्या बाजूला. राफ्ट चढावर कशी घसरेल, हे काही त्याने मनाला विचारलं नाही.

चढणीला जीप कण्हायला लागली. रिकामी राफ्ट ती, ओझं असं कितीसं? आरशात पाहिलं. मागच्या लाल दिव्यांत ट्रेलरची डावी बाजू दबलेली दिसली. राफ्टमध्ये पुढे डावीकडे कोणी बसलं की दबते, तशी. वळण आलं. उजवीकडचं वळण. बसलेला माणूस वळणावर तोल सांभाळायला आत झुकतो... तसं ओझं उजवीकडे आलं. वळण संपलं. परत डावीकडे गेलं.

पुलावर त्याने जीप थांबवली.

खाली उतरला. राफ्टच्या काठाला हात लावून आत टॉर्च मारला. आत पाणी होतं. त्याने स्वतः ओतून दिलं होतं, तरी होतं. आणि ते पाणी स्थिर नव्हतं. जीप उभी होती. पुलावर वारा नव्हता. पाणी पुढून मागे वाहत होतं. एका जागी दोन बाजूंनी वळून जात होतं. मध्ये काहीतरी असल्यासारखं... मध्ये कोणीतरी बसल्यासारखं.

तो किती वेळ उभा होता, त्याचं त्यालाच माहीत नाही. ट्रेलर सोडून पळता आलं असतं. कडी काढायला कितीसा वेळ लागतो? हात कडीवर गेलाही होता.

मग त्याला ते हसणं आठवलं. तलावाकाठचं.

भीती होतीच. पण भीतीच्या खालून राग वर आला आणि भीतीला गिळून बसला. त्याने कडीवरचा हात काढला. अंधारातच बोलला.

"मालक तलावाशेजारच्या खोलीत झोपतात."

पाणी वाहतच राहिलं.

"चल. सोडतो तुला."

पाणी वाहायचं थांबलं.

पुढच्या रस्त्यात त्याने एकदाही आरशात पाहिलं नाही. वर पोचला तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या, दिवे मालवलेले. त्याने जीप तलावाच्या अगदी कडेला लावली. बसून राहिला. मागे ट्रेलर एकदा करकरला आणि वर उचलला गेला, ओझं उतरल्यासारखा. पाण्यात काही पडलं नाही. फरशीवर पाऊल वाजलं नाही. मग खोलीवर गेला आणि आडवा झाला. झोप कसली?

बाकीचं रखवालदाराने सांगितलं. उत्तररात्री मालक खोलीबाहेर आले. दोन्ही हात कानांवर. म्हणाले, भोंगा कोण वाजवतंय? बंद कर. रखवालदार म्हणाला, साहेब, कुठे काय वाजतंय? मालक तलावाला फेऱ्या घालत राहिले. मग ओरडायला लागले. मग ओरडणंही बंद झालं, आणि ते काठावर बसून कोणाचं तरी ऐकत राहिले. मान हलवत होते, म्हणे. हो... हो... हो...

सकाळी ग्रुप जॅकेटं घालून तयार. मालक समोर आले. कपडे तेच, डोळे तारवटलेले. भोवरा रोजच्यासारखा शेजारी उभा राहिला. मालकांनी तोंड उघडलं ते नेहमीच्याच वाक्याने, मागच्या वर्षी आमची एक गाईड गेली. मग म्हणाले, "भोंगा वाजला होता. मी ऐकला होता. तिची बक्कलं लावलेली होती."

मालक भोवऱ्याकडे वळले आणि विचारलं, आता तरी तो भोंगा थांबेल ना?

भोवरा म्हणाला, "हे तिच्या बापाला सांगा."

त्यांना जीपमध्ये घालून तो तसाच घेऊन गेला. आधी तिच्या वडिलांकडे, मग चौकीवर. वडिलांनी दारातच ऐकून घेतलं. पाणी विचारलं नाही, आत बोलावलं नाही. दार लावून घेतलं. भोवरा म्हणतो, राग त्या दिवशी जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. खरं बोलले, पण कशासाठी? पोरीसाठी नव्हे, स्वतःच्या कानांसाठी. त्याने त्याच आठवड्यात नोकरी सोडली. आता तिच्या वडिलांच्या घराजवळ राहतो.

रिसॉर्ट बंद पडलं. तार काढली, भिंत उतरवली, राफ्टी विकल्या. तलाव मात्र तसाच आहे. पंप काढून नेलाय, वीज तोडलीय, पावसाचं पाणी साचतं तेवढंच. नदी तिथून कितीतरी खाली. पण तुम्ही कधी गेलात तर त्यात एक पान टाकून बघा. वारा नसताना. पान आधी जागच्या जागी राहतं. मग हळूच निघतं, वेग धरतं, आणि मालकांच्या खोलीजवळच्या कोपऱ्यात जातं. तिथे ते बुडत नाही, थांबतही नाही. खडकामागे फिरतं ना नदीत, तसं फिरत राहतं.