खुंटीवरचा साडीगार्ड

१८ जानेवारी २०२५, शनिवार. कुंडल. दिवस मावळल्यापासून बोचरी थंडी. वारा नाही. उसाच्या फडांवर धुकं उतरलेलं.

जेवणं उरकून शेकोटीपाशी बसलो होतो. विश्वजीत नवी मोटारसायकल घेऊन आला. नाथाजीतात्यांनी बॅटरीच्या उजेडात तिचं मागचं चाक न्याहाळलं.

"साडीगार्ड कुठाय रं हिचा?"

"काढला तात्या. त्यानं गाडी लय म्हातारी दिसती."

"आन् तुझ्यामागं बसायला कोण येतंय म्हणा," म्हादू म्हणाला. पोरं हसली. तात्या हसले नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं.

ऋषिराज त्यांचा पुतण्या. प्लग साफ करणं, ब्रेकचे लायनर बदलणं, सगळं तो घरीच करायचा. मार्गशीर्षातल्या सोमवती अमावस्येला त्याच्या गाडीची चेन दात सोडू लागली. दुसऱ्या दिवशी बायकोला, संयोगिताला, पलूसला माहेरी डोहाळजेवणाला न्यायचं होतं. सातवा महिना. अमावस्येमुळं गावातली गॅरेजं बंद. मोडीतल्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा सांगलीचा श्रेणिक मात्र अमावस्या पाळत नसे. ऋषिराज तिकडं गेला.

श्रेणिकनं एका गाडीची चेन आणि दातेरी चक्रं उतरवून दिली. फारशी झिजलेली नव्हती.

"नव्याच्या निम्म्यात घे. पर गाडी पडलेली हाय, सांगून ठेवतो."

"चालवणारा गेला?"

"न्हाई. मागं बसलेली." श्रेणिकनं चेन कागदात गुंडाळून दिली. "गार्ड तेवढा लाव, गड्या."

ऋषिराजनं अंगणातच काम काढलं. आणलेली चेन डिझेलमध्ये भिजवली, ब्रश मारून कडी न् कडी पुसली. चक्राच्या प्रत्येक खाचेतून खिळा फिरवला. वंगण दिलं, ताण बोटानं दाबून पाहिला. गार्ड लावताना मात्र बोल्टचे आटे गेले. दुसरा बोल्ट घरात नव्हता. गार्ड त्यानं खुंटीला अडकवला.

"आवं, त्याबिगर नेणार व्हय मला?" संयोगितानं विचारलं.

"पलूस काय लांब हाय? पदर खोचून बस."

"माज्या हिरव्या साडीला वंगणाचा डाग पाडलासा तर बगा!"

साडी कपाटात ठेवून तिनं कुलूप लावलं, किल्ली उशीखाली घातली आणि झोपली.

रात्री अकराच्या सुमाराला ऋषिराज गाडी चालवून बघायला ओढ्याच्या पुलाकडं निघाला. एकटाच. चेनचा आवाज नव्हता. तो खूश होता.

शेवटचं घर मागं पडलं. दोन्ही बाजूंना ऊस. आणि मागचे शॉकअप दबले. कुणी बसल्यावर दबतात तसे.

त्याला वाटलं, खड्डा असेल. पण ते वर आलेच नाहीत.

गाडी डावीकडं ओढू लागली. बाई एका अंगाला बसली की ओढते तशी.

"कोण हाय?"

...

आरशात काळोख. खांद्यावर हात आला. गार.

"कोण... हाय?"

...

पूल आला. चेन करकचली. चाक जाम झालं. गाडी फरफटत कठड्याला टेकली.

शॉकअप वर आले. झटक्यात.

मागं रस्त्यावर काहीतरी पडलं. जड. एकदाच.

तो बराच वेळ वळला नाही. मग वळला. रस्ता मोकळा होता. मोबाईलचा उजेड चाकावर धरला. चेन आणि चक्राच्या मध्ये कापड आवळून बसलं होतं. हिरवं. जरीच्या काठाचं.

तात्या थांबले.

"मोडीतल्या गाडीचंच आसंल," विश्वजीत म्हणाला. "त्या बाईचं. आत राहिलं आसंल."

"चेन त्यानं माज्यादेखत धुतलीया, रं."

"मग?"

तात्यांनी शेकोटीत काटकी सारली. "कापड घिऊन त्यो आधी माज्याकडं आला. मीच संगं गेलो घरी."

संयोगिता झोपलेली होती. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं. तिला उठवलं, उशीखालची किल्ली घेतली, कपाट उघडलं. साडी घडीतच होती. पदर दीड हात कमी होता, आणि फाटलेल्या कडेला वंगण होतं.