पंखा नसलेलं कार्ड

खोटं वाटेल, पण तिच्या कॉम्प्युटरचा पंखा सुरू झाला की शेजारच्या काकू गच्चीवरचे कपडे काढायला धावायच्या — वादळ आलं म्हणून! घरचं मांजर तर दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेलं होतं. तिखटमीठ लावलं असेल मी, पण चिमूटभरच.

अशा गोंगाटात ती लहान मुलांसाठी हलत्या चित्रांच्या गोष्टी करायची. मुंगी, कोल्हा, सर्दी झालेला राजा — सगळ्यांचे आवाज स्वतःच द्यायची. एका दुपारी प्रकाशकबाईंचा निरोप आला, 'मुंगीच्या मागे पिठाची गिरणी का चालू आहे?' झालं! बाईसाहेबांनी मशीन उचललं आणि दिसेल त्या पहिल्या दुकानात शिरल्या.

आत एक दुरुस्तीवाला उघड्या कॉम्प्युटरला कान लावून, डोळे मिटून उभा होता. वैद्याने नाडी बघावी तसा.

"शू…" न बघताच तो म्हणाला.

तिने श्वाससुद्धा रोखला. त्याने डोळे उघडले… आणि आपण काय ऐकत होतो तेच विसरला.

"चित्रांचं ग्राफिक्स कार्ड हवंय, जुन्याचा पंखा घरघरतो. स्वस्त. आणि अजिबात न बोलणारं."

"गेम खेळता?"

"नाही. मुंगी काढते."

"मग हे धूड नको तुम्हाला," म्हणत त्याने महागडा खोका परत फळीवर ठेवला. दुकानदार महाग वस्तू परत ठेवतो? ती बघतच राहिली — खोक्याकडे नव्हे.

त्याने एक लहानसं कार्ड बसवून दिलं. दोन दिवसांत ती पुन्हा हजर.

"डास आहे डास! मुंगीच्या कानाशी गुणगुणतो."

"पंखा छोटा ना… त्याला जास्त गरगरावं लागतं."

"हे आधी नाही सांगायचं?"

तो कान खाजवत दुसरं कार्ड शोधायला लागला.

दुसऱ्या कार्डाला दोन मोठे पंखे होते. आवाज बेताचा, पण कार्ड एवढं लांब की मशीनचं झाकण लागेना. ती तिसऱ्यांदा दुकानाकडे निघाली, तेव्हा आई घराच्या दारातून ओरडली, "अगं, कॉम्प्युटर दुरुस्त होतोय की दुकानदार?"

या वेळी मात्र त्याने मुकाट्याने तिसरं कार्ड बसवलं. "हे नाही बोलणार." मग स्क्रूड्रायव्हरशी चाळा करत म्हणाला, "मी शनिवारी जातोय. दुसऱ्या गावातलं दुकान सांभाळायला सांगितलंय मालकांनी."

"बरं," ती म्हणाली. आणि मशीन उचलून निघाली.

घरी कॉम्प्युटर असा गप्प, की भिंतीवरची पालसुद्धा दबकून चालायला लागली. मुंगीचं काम झालं, प्रकाशकबाई खूश. पण हिला चैन कुठे! उठायची, बसायची, पेन्सिली लावायची, पुन्हा विस्कटायची.

"तो गप्प झाला," आई म्हणाली, "आणि आता तू घरघरतेस!"

शुक्रवारी सकाळी तिने मशीन कडेवर घेतलं आणि दुकान गाठलं.

"पंखा वाजतोय."

"पंखा?"

"हो. सारखा. घर्र… घर्र…"

त्याने सावकाश चार स्क्रू काढले, कार्ड बाहेर काढलं आणि तिच्यासमोर धरलं. त्यावर कंगव्यासारख्या धातूच्या पट्ट्या होत्या. बस्स.

"याला पंखाच नाही."

"…एकही?"

"पातंसुद्धा नाही."

तिचे कान लालबुंद झाले. ती वळली, मशीन तिथेच टाकून निघालीच होती—

"थांबा ना! मीही लबाडच आहे. हे कार्ड पहिल्या दिवसापासून मागच्या फळीवर होतं. सगळ्यात शांत, सगळ्यात स्वस्त. तेव्हाच दिलं असतं तर… तुम्ही परत कशाला आला असता?"

"म्हणजे माझ्या मुंगीला डास चावत होता तो तुमच्यामुळे?"

"हो."

"आणि वर उद्या पळून चाललात!"

मग त्याने फोन लावला. "मालक, तिकडे दुसऱ्या कुणाला पाठवा. इथे एक अवघड तक्रार आलीय… हो, पंखा नसलेल्या कार्डाचा पंखा वाजतोय… नाही, शुद्धीवर आहे मी!" त्याने फोनवर हात ठेवला. "विचारतायत, किती दिवस लागतील?"

तिने त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"सांग त्यांना… जन्म जाईल."

मांजर त्याच संध्याकाळी घरी परतलं. हे मात्र अगदी शंभर टक्के खरं.