पालथी चित्रं

ही घे कपाटाची किल्ली. एकच आहे, दुसरी करून घेऊ नकोस. फिरवताना दार जरा वर उचलावं लागतं, नाहीतर रुसतं. रंग वरच्या खणात, कोरे कागद मधल्या, आणि खाली पेशंटांच्या फायली. चित्रावर नाव नाही, मागच्या बाजूला पेन्सिलीनं फक्त नंबर. कोणता नंबर कुणाचा, ती वही आजवर माझ्या पर्समध्ये असायची, आजपासून तुझ्या. चित्रं कायम पालथी ठेवायची. आणि ज्याच्या हातानं काढलं, त्याच्याच हातात परत द्यायची. आईच्या नाही, नवऱ्याच्या नाही, डॉक्टरांच्या तर मुळीच नाही.

बस ना. मी तर बसणारच आहे, पाय आता माझं ऐकत नाहीत. सव्वीस वर्षं या दवाखान्यात लोकांना चित्रं काढायला लावली आणि त्यांच्या मनातलं उचलून ठेवलं. हमालाला निदान ओझं उतरवता तरी येतं. पेन्सिल घे, समोर कागद आहे. हात चालू असला की ऐकणं सोपं जातं, हे तुलाही शिकवलं असेलच. आज बुधवार, चार वाजायला अजून अवकाश आहे.

दाराखाली ती कापडाची गुंडाळी खुपसलेली आहे ना, ती वाऱ्यासाठी आहे असं मी सगळ्यांना सांगते.

तीन वर्षांपूर्वी इथं एक बाई यायची. शिवणकाम करायची. नंबर एकोणीस. दर बुधवारी चारला. झोप येत नाही म्हणून डॉक्टरांनी पाठवलेली. पहिले दोन महिने तोंडातून शब्द नाही, पण हात असा बारीक चालायचा की बघत राहावं. अंगाला शिलाई मशीनच्या तेलाचा मंद वास. ती एकच चित्र काढायची. खाटेखालून दिसणारी खोली, बंद दार, दाराखाली उजेडाची फट, आणि फटीत पलीकडे उभे दोन बूट. डाव्या बुटाची नाडी तुटलेली, तिच्या जागी जाड दोरा ओवलेला. दोराही तिनंच ओवला असणार.

बोलायला लागल्यावर जाताना दर वेळी विचारायची, "ताई, हे कुणी बघणार नाही ना?"

"नाही गं बाई. झाकली मूठ," मी म्हणायची.

मग तिनं दुसरी चित्रं काढायला सुरुवात केली. एक घर. सात पायऱ्या, वर पाण्याची टाकी, कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान. लहानपणीच्या मैत्रिणीचं घर होतं ते, नवऱ्यानं कधी न पाहिलेलं. नऊ वर्षांच्या मुलीला आधी तिथं पोचवायचं, मग आपण निघायचं, असं तिचं चाललं होतं. हे जगात तिघींनाच माहीत होतं. ती, मैत्रीण आणि मी.

आता माझी चूक ऐक. मंगळवारी दवाखान्यात बाहेरचे पाहुणे येणार होते. मोठे डॉक्टर म्हणाले, "चार चित्रं लावा की व्हरांड्यात. नावं नाहीतच, मग कसली ओळख?" बाकीच्यांना विचारून लावली. तिला विचारायला बुधवार उजाडला असता. आणि तिचं ते दाराचं चित्र इतकं सुंदर होतं... मला मिरवायचं होतं, दुसरं काय! नंबर मागच्या बाजूला, तो भिंतीला टेकणार. मला वाटलं, झाली ओळख लपवून. इतकी वर्षं लोकांची चित्रं वाचणारी मी, चित्र स्वतःच बोलतं हे विसरले.

बुधवारी ती आली. तासभर माझ्यासमोर बसली होती आणि मी सांगितलं नाही. जाताना सांगू, म्हटलं. जाताना व्हरांड्यात तिचा नवरा उभा होता. कधी न येणारा माणूस, त्या दिवशी न्यायला आला होता. चित्रासमोर उभा. खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं, परत चित्राकडे बघितलं.

"छान काढलंय," तो हसून म्हणाला. "बूट कुणाचे गं हे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, हेच मला सोसत नाही. एखादं बटण कापडासकट उसवून आलं की जसं बघावं, तसं पाहिलं.

पुढच्या बुधवारी ती आली नाही. जिन्यावरून पडली, त्यातच गेली, असं नर्सनं सांगितलं. पडली, असंच कागदावर लिहिलं गेलं. मी पोलिसांकडे जाऊन आले. ते म्हणाले, चित्रातल्या बुटांवर का कुणाला धरता येतं? बैल गेल्यावर मी झोपा करायला निघाले होते. एक बरं, मुलगी तेव्हा घरात नव्हती. आदल्याच दिवशी पोचली होती.

महिन्याभरानं तो इथं आला. मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन.

"तिची आठवण म्हणून चित्रं हवीत," म्हणाला. "आणि पोरीचा काही पत्ता लागतोय का, तेही बघतो."

मी नाही म्हटलं. डॉक्टरांना फोन लावला. ते वैतागले. "बाई, मेलेल्या माणसाची कसली आलीय गुप्तता? देऊन टाका." तो दाराला पाठ लावून उभा होता, या खोलीला दुसरी वाट नाही, आणि किल्ली माझ्या गळ्यात दिसत होती. मला भीती वाटली गं. फायलीत वरच ते घर होतं. पायऱ्या, टाकी, दुकान. ते फाडून तोंडात कोंबावं, असंही मनात येऊन गेलं. शेवटी त्यानंच हात पुढे केला आणि मी कपाट उघडलं. भरदुपार होती. आतून मशीनच्या तेलाचा वास आला.

मी फाइल उघडली. कागद कोरे होते. एकवीसच्या एकवीस. मागं माझ्याच हातानं लिहिलेला एकोणीस, आणि पुढं काही नाही. तो एकेक कागद उजेडाकडे धरून बघत होता.

"कुठंतरी असतीलच," तो म्हणाला. "मी परत येईन."

आणि होतीच. पुढच्या आठवड्यात एक रिटायर्ड पोस्टमनकाका आले, ते फक्त जहाजं काढतात. जहाजाच्या पोटात बंद दार. एका कॉलेजच्या मुलीच्या बागेत सात पायऱ्या. एका म्हाताऱ्या मास्तरांच्या डोंगरावर पाण्याची टाकी. विचारलं तर म्हणतात, "हे मी नाही काढलं." पण रेघ त्यांच्याच पेन्सिलीची. आपली चित्रं तिनं दुसऱ्यांच्या फायलींत तुकड्या-तुकड्यानं लपवली आहेत. माझ्यावर विश्वास कसा ठेवेल ती?

आणि जिथं दार असतं, तिथं खाली फट असते. पण फटीत बूट नसतात आता. अनवाणी पाय असतात, बाईचे. ती तिथं राखण करते की माझी वाट बघते, हे मला तीन वर्षांत कळलेलं नाही. म्हणून ती गुंडाळी. दर बुधवारी चारला मी दाराखाली बघत नाही.

हे मी कुणाला सांगणार होते? सांगायचं तर पोस्टमनकाकांचं जहाज दाखवावं लागणार, मास्तरांचा डोंगर दाखवावा लागणार. एकदा दाखवून झालंय माझं. कानाला खडा लावलाय. तुला सांगते, कारण आता किल्ली तुझ्याकडे. घर कुठं आहे ते मात्र तुलाही सांगणार नाही. मुलगी आता बारा वर्षांची झाली. नीट शाळेत जाते.

चार वाजले वाटतं. वास येतोय का तुला?

अगं, तुझा हात थांबला का? काय काढलंस...? नको, मला दाखवू नकोस. नुसतं सांग. दार आहे? फट आहे?

अनवाणी पाय. बरं. घाबरू नकोस, ते नेहमीचेच आहेत.

त्यांच्या मागं...? अजून दोन पाय?

बूट.

नीट बघ. डाव्या बुटाची नाडी कशी आहे?

जाड दोरा... उठ. आवाज करू नकोस. आधी दाराला कडी घाल. मग तो कागद पालथा कर आणि मागं लिही, एकोणीस.