एक्केचाळीस लाखांचं वीजबिल

"मी चोर नाही," खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली. "आणि चहापाणी नको. चार वाजता माझा निकाल लावणार आहेत."

घड्याळात साडेअकरा झाले होते. टेबलामागे वहिनी बसल्या होत्या. बावीस वर्षं लेखापरीक्षक म्हणून दुसऱ्यांच्या वह्या तपासून झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि खासगी तपासाचं काम सुरू केलं. खिडकीपाशी त्यांचे धाकटे दीर होते. निवृत्त बसचालक. वहिनींची गाडी चालवणं आणि त्यांच्या वतीनं चिडणं, ही दोन्ही कामं ते मन लावून करत. सगळा गाव त्यांना भावजीच म्हणे.

"काय चोरलंय म्हणतात?" वहिनींनी विचारलं.

"माझाच प्रबंध."

ती दिवसभर इस्पितळाच्या बिलाच्या खिडकीवर बसायची आणि संध्याकाळी अकाउंटिंग अँड फायनान्शियल मॅनेजमेंटच्या मास्टर्सच्या वर्गाला जायची. चार वर्षं. पहाटे उठून अभ्यास, मग डबे, मग नोकरी. पदवी मिळाली तर इस्पितळात लेखाधिकारी होणार होती. चोरी सिद्ध झाली तर कायमची बंदी.

"वर्गातल्या पदकवाल्यानं शनिवारी प्रबंध दिला, मी सोमवारी. आता म्हणतात, शब्दन् शब्द सारखा. त्याचा मला दाखवतसुद्धा नाहीत."

पदकवाला म्हणजे ज्याला सुवर्णपदक मिळणार हे शिपायापासून सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, तो विद्यार्थी.

"तुझा प्रबंध आधी कुणाकडे होता?"

"दोन महिन्यांपूर्वी पाचही प्रकरणांचा कच्चा खर्डा मार्गदर्शक सरांना दिला. ते म्हणाले, यंदा घाई करू नकोस, पुढच्या वर्षी नवा विषय घेऊन दे. मी ऐकलं नाही. सर रजेवर होते. मंगळवारी सकाळी सुरुवातीची पानं टाइप केली, त्यांच्याऐवजी विभागप्रमुखांची सही घेतली आणि सगळं बाइंडरकडे टाकलं. त्यानं सोमवारी दिलं."

"आकडे कुठले?"

"एका कोल्ड स्टोरेजचे. त्यांच्या मॅनेजरनं लिहून घेतलं होतं, की त्यांच्या खऱ्या रकमा कुणाच्या हाती लागता कामा नयेत. मी शब्द अक्षरशः पाळलाय. इतकी वर्षं प्रामाणिक राहून हे फळ मिळतं?"

तिचा आवाज फुटला, पण डोळे कोरडेच होते. भावजींच्या डोक्यात तिडीक गेली. त्या पदकवाल्याला दोन लगावल्या की प्रकरण मिटेल, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

*

वहिनींच्या लेखापरीक्षणाच्या काळातल्या ओळखीनं संस्थेच्या कार्यालयात दोन्ही प्रबंध बघायला मिळाले. भावजींनी तिच्या प्रबंधातलं आभाराचं पान, त्यामागचं पान, अनुक्रमणिका असं सगळं भराभर उलटून थेट पहिलं प्रकरण गाठलं. वहिनी सुरुवातीच्या पानांपाशीच अडकल्या होत्या.

"अहो वहिनी, आभार काय वाचत बसलात?"

"बाकीच्यांनी वाचले नसावेत, म्हणून."

पदकवाला उपाहारगृहात सापडला. इस्त्रीचा शर्ट, आणि बोलण्यात अजिबात घाई नाही.

"मी स्वतः कोल्ड स्टोरेजमध्ये गेलो होतो. एकेक आकडा मूळ कागदावरून उतरवलाय."

"वीजबिलसुद्धा?"

"मूळ बिलावरून. एक्केचाळीस लाख दहा हजार."

भावजींनी आकडा वहीत टिपला. दुसऱ्याच्या घामावर असा गुबगुबीत बसलेला माणूस त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता.

बाइंडरच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. "बाई, शंभर प्रबंध पडलेत इथे," तो डिंकाचा हात पुसत म्हणाला. "पानं क्रमानं आहेत का एवढं बघतो. तिची सगळी होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुणी चाळली असतील तर देव जाणे."

मार्गदर्शक सरांनी कानावर हात ठेवले. "तिचा खर्डा? कपाटात पडून आहे. मी एक ओळ वाचलेली नाही. आणि त्या मुलाला चोरी करायची गरज काय? त्याचे वडील आपल्या संचालक मंडळावर आहेत."

गाडीत बसल्यावर वहिनींनी कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरला फोन लावला.

"आकडा सांगणार नाही," मॅनेजर गुरगुरला. "पण एक्केचाळीस लाख? एवढं बिल आलं असतं तर मी कुलूप लावून घरी बसलो असतो."

"म्हणजे आकडा खोटा," भावजी म्हणाले. "पण तोच आकडा आपल्या बाईच्या प्रबंधातही आहे. मग तिनंही खोटंच लिहिलं?" त्यांना स्वतःचाच राग आला. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचा जबडा घट्ट आवळलेला होता, म्हणजे त्याही चिडल्या होत्या.

*

चार वाजता विभागप्रमुखांच्या खोलीत सगळे जमले.

"हिच्या प्रबंधाचं चौथं पान काढा," वहिनी म्हणाल्या. "आभारामागचं. वाचा."

विभागप्रमुखांनी चष्मा लावला. "'या प्रबंधातली प्रत्येक रक्कम एका गुप्त संख्येने गुणलेली आहे. त्यामुळे प्रमाणे तीच राहतात, पण रकमा खऱ्या नाहीत.'"

"तुम्ही सही केलीत, पण पान वाचलं नाहीत. वाचलं असतंत तर ही बाई इथे आरोपी म्हणून बसली नसती." मग त्या पदकवाल्याकडे वळल्या. "एक्केचाळीस लाख दहा हजार मूळ बिलावर होते ना? मूळ बिलावर तो आकडा असूच शकत नाही. तो फक्त हिच्या गुणाकारातून निघतो."

वहिनींनी मॅनेजरला फोन लावून तिच्या हातात दिला. तिनं कागदावर एक भागाकार केला आणि उत्तर फोनमध्ये पुटपुटली. पलीकडून मॅनेजरचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "बरोबर. पैशापर्यंत बरोबर."

"पण त्याला दिला कुणी?" भावजींना राहवेना. "बाइंडरनं?"

"बाइंडरकडे चौथं पान होतं. ते वाचणारा माणूस 'मूळ बिलावरून उतरवलं' असं छातीठोक सांगणार नाही, भावजी. याला ते पान मिळालंच नाही. आणि ते पान नसलेली प्रत एकच होती, दोन महिन्यांपूर्वीचा खर्डा. सर, एक ओळही न वाचता तुम्ही हिला विषय बदलायला कसं सांगितलंत? यंदा हिनं प्रबंध दिलाच नसता, तर हा खर्डा याच्या नावावर बिनबोभाट खपला असता. तुम्ही रजेवर गेलात आणि गणित फसलं."

पदकवाला मान खाली घालून म्हणाला, "सरांनीच दिला. म्हणाले, ती यंदा देत नाहीये."

मार्गदर्शक सर तिला म्हणाले, "तुला नुसतं पास व्हायचं होतं गं. साधा प्रबंध लिहिला असतास तरी भागलं असतं. हा वर्गातला सर्वांत चांगला होता."

विभागप्रमुख घाईघाईनं पुढे झाले. "झालं गेलं. पदवी मिळेल तुम्हाला. आता हे या खोलीतच राहू द्या."

ती उठली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता.

"सर, आत्ता जे बोललात ना, सर्वांत चांगला होता म्हणून, ते कागदावर लिहा. खाली सही करा. मग तो तुम्ही कुणाला दिलात, तेही लिहा."

तिनं आपलं पेन त्यांच्यापुढे ठेवलं. ते विभागप्रमुखांकडे बघू लागले, तेव्हा भावजींनी जाऊन दाराला पाठ लावली.

"सावकाश लिहा," ती म्हणाली. "मी एकेक ओळ वाचणार आहे."