पाठीवरचा कापूस

"ओ ताई… म्हणजे, ताई नाही… ओ मॅडम—"

नयनने मागे वळून पाहिलं. नागपूरच्या त्या मोठ्या मैदानाच्या गेटवर हीऽ लांब रांग लागलेली, आणि तिच्या बरोब्बर मागे आकाशी शर्टातला एक उंच, सावळा मुलगा. चेहरा असा, की जणू चूक त्याचीच आहे.

"काय आहे?"

"तुमच्या पाठीवर पावभर कापूस आहे."

नयनला धरणी दुभंगावी असं वाटलं. पण नागपूरची धरणी डांबराची. ती कुठली दुभंगते?

काळा ड्रेस घालायची अक्कल सलोनीची. "कॉन्सर्टला काळंच घालतात. टीव्हीवर पाहिलं नाही का?" आणि त्या दिवशी सलोनीचा शब्द शेवटचा होता, कारण पास तिचे होते. पेपरात योजना आलेली, तीस कुपनं चिकटवा आणि मुंबईच्या बँडचे तीन पास मिळवा. सलोनीने महिनाभर राळेगावच्या कटिंगच्या दुकानांतले पेपर कातरले होते. दाढी करायला बसलेली माणसं भोकं पडलेल्या बातम्या वाचत होती. एवढं करून रविवारी सकाळी एसटी आलीच नाही. नयन, सलोनी आणि दीपा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या तिघी फाट्यावर रडकुंडीला आल्या, तेव्हा शेजारच्या तांड्यावरचा फुलचंद आपला टेम्पो घेऊन निघाला होता. नागपूरहून टिनाचे पत्रे आणायचे होते त्याला.

"बसा मागं," तो म्हणाला. "पण पाच वाजता निघन म्हणजे निघन. मंग पायी या."

आदल्या दिवशी त्याच गाडीतून जिनिंगला कापूस गेला होता, हे कुणाच्या डोक्यात येणार? नागपूरला उतरल्यावर तिघींनी समोरून एकमेकींना झाडून घेतलं. पाठीचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"ऑटोतली गादी फाटकी होती," नयन म्हणाली. होईल तेवढं शुद्ध बोलली.

"मोठीच गादी दिसते."

"यवतमाळची आहे मी. बाबा शिक्षक आहेत. कापूस मी फक्त दवाखान्यात पाहिलाय."

"असं का." तो हसला नाही. पण ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "काढून देऊ?"

"नको. मैत्रीण काढेल."

एवढं धडधडीत खोटं ती का बोलली, तेही सांगायला हवं. त्या दोन-चार वर्षांत कापसाचा भाव असा बसला होता, की गावोगावी ग्रामसभा न घेता एक ठराव झाला होता. पोरगी शेतकऱ्याला द्यायची नाही. ठराव करणारे सगळे शेतकरीच. आठ एकर कापूस पेरणारे नयनचे बाबा, भगवानराव, त्यात सगळ्यांत पुढे. नयनचंही तेच. शाळेत असल्यापासून तिने कमरेला ओटी बांधून कापूस वेचला होता. "मरेन, पण लग्न करून पुन्हा कापसात जाणार नाही," असं तिने घरी ठणकावून सांगितलं होतं. येत्या गुरुवारी तिला पाहायला वर्ध्याच्या एका पतसंस्थेतला क्लार्क येणार होता. त्याआधीचा हा एक दिवस तिला शहरातली मुलगी होऊन पाहायचं होतं. म्हणून तर दीपाकडून नखांना गडद लाल पॉलिश लावून घेतलं होतं.

"मी इंद्रजित मुनेश्वर," तो म्हणाला. "हिंगण्याला कंपनीत आहे. सुपरवायझर."

शेतकरी नाही! तो तसं म्हणाला नव्हता, पण नयनला तेच आधी ऐकू आलं. आणि मग तिला त्याचे डोळेही दिसले. चांगले होते.

आत गेल्यावर गर्दीने आम्हाला शेजारी ढकललं, असं दोघंही पुढे सांगत असत. खरं म्हणजे गर्दी एवढी नव्हती. स्टेजवर चार पोरं गिटार घेऊन नाचत होती आणि स्पीकरचा आवाज छातीत धडधडत होता. धडधड सगळी स्पीकरचीच होती, असं नयन स्वतःला सांगत होती. सलोनी पुढे जाऊन किंचाळत होती, दीपा तिची पर्स सांभाळत होती. इंद्रजितला एकही गाणं येत नव्हतं. तो आपला भीमगीतांच्या ठेक्यावर टाळ्या वाजवत होता, आणि बँड भलत्याच ठेक्यावर चालला होता.

"हे काय वाजवताय?" नयन हसू दाबत म्हणाली.

"आमच्या कंपनीत… असंच वाजवतात."

"कंपनीत टाळ्या वाजवतात?"

"पगार झाला की."

ती खळखळून हसली. तेवढ्यात वारा आला, तिच्या खांद्यावरचं कापसाचं एक बोटुक उडालं आणि त्याच्या बाहीवर जाऊन बसलं. इंद्रजितने ते उचललं. लक्ष स्टेजकडेच होतं त्याचं. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून त्याने ते हळूहळू ताणलं, उजेडात धरलं, आणि स्वतःशीच बोलल्यासारखा बोलून गेला—

"धागा चांगला आहे. दुसऱ्या वेच्याचा दिसते."

नेमकं तेव्हाच गाणं संपलं. नयन त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"सुपरवायझर साहेब," ती म्हणाली, "हे कंपनीत शिकवतात का?"

तो एकदम गावच्या बोलीत बोलायला लागला.

"खोटं बोललो मी. दिग्रसजवळ सात एकर आहे आपलं. कापूस अन् तूर. तीन ठिकाणी पोरगी पाहाले गेलतो. शेती म्हणलं का लोकं अर्ध्या चहातच कपबश्या उचलतात. माहा दोस्त आहे, रवी—तो तिकडं आइस्क्रीम खाऊन राह्यला—तो म्हणे, नागपुरात कोण वळखते? कंपनी सांग. आज पयल्यांदाच सांगतली." त्याने खांदे उडवले. "जमलं नाही."

नयनला राग यायला हवा होता. तिने शोधूनही पाहिला, पण सापडेना.

"अन् मी?" तिचंही शुद्ध बोलणं आता गळून पडलं. "माह्यं खोटं कधी कळलं तुमाले?"

"गेटवर. पास दाखवला तेव्हा."

"कसं काय?"

"नखाले रंग लावला तुमी. पण बोंडं बोटाच्या कडेले टोचतात." त्याने स्वतःचा तळवा पुढे केला. नयनने नकळत आपला त्याच्या शेजारी धरला. बोटांच्या कडेला तेच बारीक काळे ओरखडे, त्याच जागी.

"काहून नाही बोलले मंग?"

"तुमी इतकं मन लावून सांगून राह्यल्या होत्या… मोडवलं नाही."

नवीन गाणं सुरू झालं. नयनने हात मागे घेतला, पण जरा उशिराच.

"मले शेतकरी नवरा नको आहे," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

"बरोबर आहे तुमचं. माह्या बहिणीलेबी मी हेच सांगतलं."

भांडायला तयार होऊन उभं राहावं आणि समोरच्याने आपल्याच बाजूने बोलावं, तशी नयनची पंचाईत झाली. पुढची चार गाणी दोघं नुसती शेजारी उभी होती. आता ती दोघंही भीमगीतांच्या ठेक्यावर टाळ्या वाजवत होती.

पाचला दहा कमी असताना फुलचंदचा हॉर्न ऐकू आला. सलोनीने तिचा दंड धरून ओढलं. नयन दहा पावलं गेली, थांबली, आणि सलोनीचा हात सोडवून परत आली.

"गुरुवारी मले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. क्लार्क आहे."

"चांगलं आहे," इंद्रजित म्हणाला. चेहरा मात्र उतरला.

"तुमी बुधवारी या."

"मी? …काय म्हणून?"

"जे आहा ते म्हणून. राळेगावच्या गाडीनं बोरीफाट्यावर उतरा अन् भगवानराव ताकसांडेचं घर विचारा. सुपरवायझर म्हणून आले, तं मीच दारातून परत पाठवीन."

त्याला खूप काही बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "जयभीम."

"जयभीम," ती म्हणाली आणि पळाली.

बुधवारी एक मुलगा पाहायला येणार, एवढंच नयनने घरी सांगितलं होतं. अकराच्या गाडीने तो आला. काळा शर्ट घालून. काळ्या रंगाने त्या दिवशी काय केलं होतं, हे पाहूनही! नयनच्या घरी बाहेरच्या खोलीत भाव चढायची वाट पाहणारा कापूस पार आढ्यापर्यंत रचला होता. दोन खुर्च्या होत्या, पण त्याने भिंतीकडची धरली आणि पाठ टेकली ती थेट कापसालाच. मैनाबाईंनी, म्हणजे नयनच्या आईने, पाणी दिलं. भगवानरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय करता आपण?"

नयन चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी होती. इंद्रजितने एकदाच दाराकडे पाहिलं.

"शेती. सात एकर. कोरडवाहू."

भगवानराव खाकरले. "पोरा, मी सोता शेतकरी हाये, म्हणूनच सांगतो. या घरातून शेतकऱ्याले पोरगी जानार नाही. अन् हे आमच्या पोरीचंच म्हननं हाये."

"माहीत आहे. तिनं सांगतलं होतं." तो उठला.

तेव्हा नयन बाहेर आली. हातात ट्रे तसाच.

"बाबा, म्हणलं होतं मी."

"मंग? काय पाह्यलं तुनं याच्यात?"

"हा माह्याशी खोटं बोलला. कंपनीत आहो म्हणे." भगवानरावांच्या भुवया वर गेल्या. "पण त्याचं खोटं दोन गाणीबी टिकलं नाही, बाबा. इतकं कच्चं खोटं बोलणारा मानूस मले पुन्हा भेटाचा नाही. मले हाच आवडला."

आपण मोठ्याने बोललो, हे नयनच्या तेव्हा लक्षात आलं. पण आता माघार कशाला?

"अन् कापूस वेचाले मी अजूनही जानार नाही," ती इंद्रजितकडे वळून म्हणाली. "बी.एड. करीन. नोकरी करीन. वावर तुमी पाहा."

"चालते का रे तुले?" भगवानरावांनी विचारलं.

"नाही कायले म्हणू?" इंद्रजित म्हणाला. "घरात एक तरी पगार येईन."

दारात उभ्या मैनाबाईंना हसू आलं. भगवानरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"उद्याच्या पाहुण्याईले निरोप धाडतो," ते शेवटी म्हणाले. "पन पयले मी तुह्यं घर अन् वावर पाहाले येईन."

"या ना. कधीबी या," तो म्हणाला आणि निघायला वळला.

"थांबा," नयन म्हणाली.

तिने ट्रे खाली ठेवला, आणि बापासमोर, आईसमोर, त्याच्या पाठीवरचा कापूस एकेक करून वेचायला लागली. भगवानरावांना आढ्यात एकाएकी काहीतरी महत्त्वाचं दिसलं, आणि ते तिकडेच बघत राहिले. शेवटचं बोटुक नयनने टाकलं नाही. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ताणलं.

"कसा आहे धागा?" त्याने मागे न वळता, अगदी हळू विचारलं.

"चांगला आहे," नयन म्हणाली, आणि ते बोटुक तिने मुठीत ठेवलं.

"अवो," भगवानराव आढ्याकडे पाहतच म्हणाले, "हा चहा थंडा झाला. दुसरा टाका."