सतरा नंबरचा ठोका

त्या दुपारी इंदुताई सुलतान बाजारातून दाढीच्या ब्लेडचं पाकीट घेऊन बरकतपुऱ्याच्या स्टुडिओत परतल्या. ब्लेड टेप कापायला लागायचं. देशाची दारं उघडली म्हणून पेपरात मोठमोठे लेख येत होते. त्या दारांतून हैदराबादेत आधी आत आलं ते जपानी कार्टून. पुण्याच्या उदयने एका घराच्या माडीवर त्याला हिंदी बोलायला शिकवण्याचा कारखाना काढला होता. संवाद इथले, संगीत जपानहून तयार यायचं. कुठला तुकडा कुठे वाजतो, याची यादी इंदुताई ठेवत.

जपानी मंडळी भलती काटकसरी. पहिल्या मालिकेतलं संगीत दुसरीत, दुसरीतलं तिसरीत. त्यातला सतरा नंबरचा तुकडा कुणी मरायला टेकलं की वाजे. एक खर्जातली बासरी, आणि शेवटी नगाऱ्याचा एकच ठोका. बहुतेकदा हा तुकडा मध्येच तोडलेला असे. ठोक्यापर्यंत पूर्ण वाजला होता दोनदाच. पहिल्या वेळी सेनापतीला आवाज देणारा दिलीप, तो भाग टीव्हीवर लागला त्याच दिवशी झोपेत गेला. दुसऱ्या वेळी, दुसऱ्या मालिकेत मरणाऱ्याचा आवाज झालेला सुधीर. भाग लागला त्याच संध्याकाळी मलकपेठच्या बसमध्ये बसला, तो उठलाच नाही. उदय म्हणाला, योगायोग. इंदुताईंनी यादीच्या समासात दोन बारीक फुल्या मारल्या.

आता तिसऱ्या मालिकेत म्हातारे गुरुजी मरायचे होते. सतरा नंबर, ठोक्यासकट. गुरुजींचा आवाज नामदेवरावांचा, म्हणजे इंदुताईंच्या यजमानांचा. आयुष्यभर हेडमास्तरकी केलेला माणूस. गुरुजी मिळाल्यावर वर्गात शिरल्यासारखा खूष होता.

जेवताना इंदुताईंनी विषय काढला. नामदेवरावांनी भाकरी मोडली.

"हौ, ऐकलंय मी. म्हणून माझं मरण दुसऱ्याला देऊ? कुणाला देऊ, नाव सांग."

इंदुताईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्टुडिओत एकट्याच बसल्या. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. बाहेरची रिक्षासुद्धा ऐकू येत नव्हती. टेपचा आंबूस वास. ठोका नेमका कुठे आहे ते शोधायला त्यांनी रीळ हाताने फिरवलं. हळू फिरवलं की आवाज लांबतो. ठोका लांबला... आणखी लांबला... पलीकडून कुणीतरी सावकाश कडी काढत असावं, तसा.

"थांब," इंदुताई म्हणाल्या, आणि ब्लेड चालवलं.

बोटभर तुकडा तळहातावर पडला आणि पालीच्या तुटक्या शेपटीसारखा वळवळला. फेकावा, तर कुणाच्या तरी अंगणात पडणार. त्यांनी तो रुमालात बांधून घरी आणला आणि स्टीलच्या डब्यात घालून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला.

माइकपुढे नामदेवराव झोकात मेले. ठोका नाही, हे उदयच्या लक्षातही आलं नाही.

रविवारी सकाळी दहाला तो भाग लागला. नवराबायको टीव्हीपुढे बसली. गुरुजींनी डोळे मिटले, बासरी उतरत गेली आणि तुटली. शांतता.

मग स्वयंपाकघरातून डबा वाजला. आतून. एकदा.

नामदेवरावांचा हात छातीकडे गेला. "इंदू..."

इंदुताई तोवर उठल्या होत्या. त्यांनी पाट्यावरचा वरवंटा उचलून डब्यावर ठेवला आणि वर दोन्ही हातांनी भार दिला. झाकण खालून धडका देत होतं. डबा तापला, तळहात भाजले. त्यांनी हात काढले नाहीत.

"हा माणूस माझा आहे," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुला काय वाजायचं ते आत वाज."

बऱ्याच वेळाने डबा गार पडला. बाहेरून नामदेवरावांनी विचारलं, चहाचं काय झालं.

आज नामदेवराव नव्वदीचे आहेत आणि चहात साखर कमी पडली की अजून वर्गावर ओरडावं तसे ओरडतात. स्टुडिओ केव्हाच बंद झाला. डबा मात्र फळीवर आहे, वर वरवंटा. डबा रोज सकाळी, वरवंट्यासकट, कडेकडे बोटभर सरकलेला असतो. इंदुताई आधी तो मागे ढकलतात, मग चहाचं आधण ठेवतात.

गेल्या आठवड्यापासून तो दोन बोटं सरकतो.